आगोटीची लगबग: ऋतू बदलला की तुमच्या घरात काय काय हलतं?

आंबोशी, ठाणे (मूळ कुडाळ)

परवा आईचा फोन. "माटव मोडलो. लाकडां भितर घेतली. तुझा काय?" माझं काय असणार? मी बाराव्या मजल्यावर. ना लाकडं, ना माटव (अंगणातला मांडव). तरी फोन ठेवल्यावर उठून बाल्कनीतलं पायपुसणं आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आत आणल्याच.

आमच्याकडे पाऊस तोंडावर आला की त्या दिवसांना आगोट म्हणतात. तेव्हा घर आकसतं. आठ महिने पुढचं खळं, म्हणजे अंगण, हीच घरातली सगळ्यात मोठी खोली. तिथेच पंगती, तिथेच सोलं वाळणार, रात्री अंथरुणंही तिथेच. मे संपता संपता माटवाची झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) उतरतात आणि पडवीच्या उघड्या बाजूला पाऊस अडवायला झड्या बांधतात. मग चार महिने खळ्यात नुसतं शेवाळ. दिवाळीच्या सुमारास माती घालून ते पुन्हा चोपायचं, सारवायचं.

मला आवडायचं ते कौलं चाळणं. गडी छपरावर, आम्ही मुलं खाली काळोखात. जिथे उन्हाचा कवडसा पडेल तिथे जूनमध्ये पाणी पडणार, हा हिशोब. आई खालून लांब काठीने नेमकं ते कौल ठोकायची, "हंयसून गळता रे, हंयसून!" वर कौल सरकलं की जमिनीवरचा ठिपका गायब. एका वर्षी देवघरातला कवडसा मी मुद्दाम दाखवला नाही, मला तो आवडायचा. आषाढभर देवांना अभिषेक झाला. मांजराने कौल सरकवलं असणार यावर घरात एकमत झालं आणि मी ते मोडलं नाही.

तुमच्याकडे काय हलतं, काय अडतं? याद्या नकोत, एखादी गोष्ट सांगा. फसलेली असेल तर फारच छान.

सावजी_सून, नागपूर

मग माझीच घ्या. मुंबईची मुलगी, लग्न होऊन एप्रिलमध्ये नागपुरात. कूलर हा प्रकार मी पाहिला होता, वापरला नव्हता. माहेरी एसी, त्यामुळे गार हवा म्हणजे दारं-खिडक्या बंद, हेच डोक्यात. दुपारी कूलर लावला, खोली गच्च बंद केली आणि झोपले. तासाभराने उठले ती घामाने निथळत, चादर ओलसर, कपाळ ठणकतंय. सासूबाई दारात. "काहून वं, कोंडून घेतलं का स्वतःले? हवा आत येईन त बाहेर जायले बी जागा पाह्यजे ना!"

कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांमधून ओढतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते. ती हवा समोरच्या खिडकीतून बाहेर पडली नाही तर खोलीत नुसता दमटपणा साठत जातो. मुंबईत कूलर चालत नाही तेही यामुळेच, तिथली हवा आधीच पाण्याने भरलेली. आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, पण हवा कोरडी ठक्क.

आता होळी झाली की कूलर माळ्यावरून मीच काढते. जुन्या ताट्या फेकून वाळ्याच्या लावते. पहिल्यांदा पाणी सोडल्यावर जो वास सुटतो, तो आला की आमच्याकडे उन्हाळा लागला. पूर्वी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, सगळं घर गच्चीवर झोपायचं म्हणे. आता अर्ध्या गच्चीवर टाक्या आणि सोलर, अर्ध्या गच्चीवर शेजाऱ्यांच्या एसीचा गरम फुफाटा. कोण झोपणार?

लिंबाची_काडी, अकोला

एक भर घालतो. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा. नुसतं वरून पाणी टाकत राहिलं की अळ्या होतात. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळा लागल्यावर टाकीत पाणी तसंच ठेवून कूलर खिडकीत विसरणारे आमच्या गल्लीत बरेच. त्यांत मीही होतो. घरात दोघांना झाला.

माळवद, लातूर जिल्हा

आमच्या जुन्या घराला माळवद होतं. खाली सागाचे सर, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा थर. मृगाआधी आजोबा गाडीभर पांढरी माती आणायचे. ती पसरून, पाणी मारून, धुमसाने बडवून घ्यायचे म्हणजे पाणी खाली उतरत नाही. उजेडासाठी छतात ठेवलेल्या सवण्यावर पाऊस आला की जुनी परात उपडी घालायची. हे काम माझं. धो धो पावसात माळवदावर पळत जायचं, परात घालायची आणि भिजून खाली येऊन आजीचा मार खायचा. खाली उन्हाळ्यातसुद्धा पंखा लागत नसे.

पण दरवर्षी नवी माती चढायची, जुनी कुणी काढत नसे. दीड-दोन फुटांचा थर सहज झाला होता. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे भूकंप झाला तेव्हा तेच वजन लोकांच्या अंगावर आलं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर ते छत. आमच्या गावात पडझड कमी होती, एक भिंत गेली, आम्ही वाचलो. त्यानंतर कितीतरी वर्षं आजी घरात झोपली नाही. पत्र्याच्या खोलीत झोपायची, एप्रिल-मेमध्येसुद्धा, भट्टीत झोपल्यासारखी. आजोबांनी पुन्हा कधी माळवदावर माती टाकली नाही. पुढे ते उतरवलं.

आता स्लॅब आहे. उन्हाळ्याआधी वर चुन्याचे दोन हात मारतो, थोडा फरक पडतो. रात्री भिंती तापलेल्याच असतात. माळवदाचा गारवा आठवतो, पण मुलांना त्याखाली झोपवलं नसतं.

खारवलेली_तोरां, म्हापसा

गोव्यात पावसाळ्यासाठी करून ठेवलेल्या साठवणीला पुरुमेंत म्हणतात, शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. मे महिन्यात सुकी मासळी, सोलां, मिरच्या, कांद्यांच्या माळा, चेपणीची तोरां (मिठात मुरवलेल्या कैऱ्या). मडगावात तर पुरुमेंताचं फेस्तच भरतं. मुलगा विचारतो, खाली सुपरमार्केट असताना हे कशाला? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते रे बाबा. जुलैत ताज्या मासळीचा भाव बघितला की तोच मुकाट्याने किसमूर, म्हणजे सुकटाची कोशिंबीर, मागतो.

वाळवण_काकू, पुणे

फसलेली गोष्ट हवी ना? ५० किलो गहू. गच्चीवर दोन दिवस कडक ऊन दिलं, आणि संध्याकाळी घाई झाली म्हणून गरम गरमच कोठीत भरले, झाकण घट्ट. ऑगस्टमध्ये उघडले तर वरचा थर ओलसर, गुठळ्या, कुबट वास. गरम धान्याला आत घाम सुटतो, तो जाणार कुठे? निम्मे गेले. धान्य रात्रभर गार होऊ द्यायचं, मग भरायचं, हे आई शंभर वेळा बोलली असेल.

बर्फातली_तुळस, मिनेसोटा

इथे आगोट ऑक्टोबरात. रात्रीचा पारा १० अंशांखाली यायला लागला की तुळस घरात. पहिल्या वर्षी "अजून हिरवीगार आहे की" म्हणत राहिलो, एका रात्रीत दहिवर गोठलं आणि सकाळी पानं काळी. आता कुंडी दिवाणखान्यात दक्षिणेच्या खिडकीशी असते, तिथेच तिचं लग्न लागतं, सोफा हा मांडव.

दुसरी फजिती महागात गेली. बाहेरच्या नळाला बागेचा पाइप तसाच जोडलेला राहिला. आत अडकलेलं पाणी गोठलं, भिंतीतली नळी फुटली. कळलं मात्र एप्रिलमध्ये, नळ सोडल्यावर तळघरात पाणी आलं तेव्हा. तेव्हापासून पाइप काढायचा, आतला कॉक बंद करायचा आणि बाहेरचा नळ उघडून रिकामा करायचा. फ्रिजवर चिठ्ठीच लावलीये, बायकोच्या अक्षरात, उद्गारचिन्हांसकट.

उलटी_गंगा, सिडनी

आमच्याकडे संक्रांत ऐन उन्हाळ्यात. थंडीसाठीचे काळे कपडे घालून पार्कात तिळगूळ वाटायचा. गुळाच्या वड्या हातात विरघळतात. गोड बोलणं तेवढं शिल्लक.

नवखा_संसारी, पिंपरी

@वाळवण_काकू, मी काल संध्याकाळी गच्चीवरून आणून तसेच भरलेत. आता?

वाळवण_काकू, पुणे

अहो, आत्ता काढा! चादरीवर पसरा, रात्रभर पंखा चालू ठेवा. कोठी आतून कोरड्या फडक्याने पुसून घ्या. भरताना कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. वाळलेला म्हटलंय.