मदत हवी आहे: अंगावर येणाऱ्या बुटक्या बॉक्सरला कसं थोपवायचं?

पुतण्या उंच, लांब हातांचा, ऑर्थोडॉक्स स्टान्सचा (डावा हात-पाय पुढे). अंतर राखून जॅबवर (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) छान खेळतो. पण समोरचा बुटका आणि डोकं हलवत आत घुसणारा असला की दुसऱ्या राउंडपासून हा दोरांना चिकटतो. जॅब वाढवून पाहिला, तर तो खाली वाकून चुकवतो आणि बरगडीत हुक (बाजूने वळवलेला ठोसा) मारतो. सारखं क्लिंच केलं (मिठी घालून धरून ठेवलं) की रेफ्री ताकीद देतो. १९७४ला किन्शासात मुहम्मद अलीने दोरांवर रेलून जॉर्ज फोरमनला दमवलं आणि ८व्या राउंडला पाडलं. आमच्या हौशी लढतीत ३-३ मिनिटांचे ३च राउंड, दमवायला वेळ कुठे? तोवर जज गुण देऊन मोकळे. दम भरपूर आहे, उजवा अपरकट (खालून वर मारायचा ठोसा) मात्र कच्चा. जॅब हुकला त्याच क्षणी डाव्या पायावर पिव्हट (गिरकी) घेऊन बाजूला निघावं, की आधी अपरकटच घोटून घ्यावा?