पहिला बग नोंदवला तेव्हा तुम्हाला कोण भेटलं? – नव्या टेस्टर मंडळींना सामावून घेण्याचे अनुभव

माहुलीकाठ
काल संध्याकाळी एका मुलीचा मेसेज आला. आमच्या साताऱ्याचीच, सदर बाजारात राहते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लिबरऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगला, म्हणजे त्यातल्या चुका (बग) शोधून नोंदवायच्या कामाला, नुकतीच आलीये. "ताई, माझी नोंद बंद करून टाकली. डुप्लिकेट म्हणाले. आता परत काही लिहू नको ना?"

मला माझी पहिली नोंद आठवली. आधी खूप वेळ नुसती कोरी खिडकी उघडून बसले होते. शेवटी लिहिलं, पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्याशा परदेशातल्या अनोळखी माणसाचं उत्तर आलं. तुमच्या पायऱ्यांप्रमाणे करून पाहिलं, माझ्याकडेही असंच होतंय, मी लिनक्सवर आहे, तुम्ही कशावर आहात? बास, एवढंच. त्या "माझ्याकडेही होतंय"वर मी आजवर टिकून आहे.

त्या मुलीला फोन करून समजावलं की डुप्लिकेट म्हणजे नोंद फेकून दिली असं नाही. तोच बग आधी कुणालातरी दिसलाय आणि तिची नोंद त्याला जोडली गेलीये. तिने सोबत देवनागरी मजकुराची छोटी फाइल दिली होती. जुन्या नोंदीत नमुना फाइलच नव्हती, म्हणजे डेव्हलपरच्या हाताला काही लागलं ते हिच्यामुळे. पण हे तिला तिथेच, बंद करताना, दोन ओळींत कुणी सांगितलं असतं तर तिची रात्र वाईट गेली नसती. नवीन माणसाच्या पहिल्या नोंदीला माणसाचं उत्तर मिळालंच पाहिजे, नुसता बदललेला स्टेटस नाही. याबाबतीत मी हट्टी आहे.

नव्यांना मी पहिलं काम देते ते दुसऱ्याची नोंद तपासायचं. लिबरऑफिसमध्ये नवी नोंद 'अनकन्फर्म्ड' असते. नोंदवणाऱ्याने स्वतःच ती पक्की करायची नसते, दुसऱ्या कुणीतरी करून बघायची आणि तसंच झालं तर 'न्यू' करायची. यात कोडिंगचा संबंध नाही. हेल्प मेनूतल्या अबाउटमधली आवृत्तीची माहिती चिकटवायची आणि होतंय की नाही ते लिहायचं. ज्याने दोन-चार अनोळखी लोकांच्या अर्धवट पायऱ्या वाचून डोकं धरलंय, तो स्वतःची नोंद आपोआप नीट लिहितो.

तुमचे अनुभव लिहा. शिकताना आलेले, शिकवताना आलेले, सगळे.

भडंगवाली
फार जिव्हाळ्याचा विषय काढलास गं. कुकर लावलाय, रात्री सविस्तर लिहिते. त्या मुलीला माझा नमस्कार सांग, आणि म्हणावं लिहीत राहा.

विश्रामबाग_नाका
मी सांगलीचा. कॉलेजात असताना फायरफॉक्सच्या नाइटलीवर (रोज निघणारी कच्ची आवृत्ती) एक पान वेडंवाकडं दिसायला लागलं. आमचे एक सीनियर होते, त्यांना म्हटलं दादा बघा की जरा. ते शेजारी येऊन बसले आणि मोझरिग्रेशन नावाचं टूल टाकायला लावलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आपण दोन तारखा द्यायच्या, एक ठीक चालत होतं तेव्हाची आणि एक बिघडल्यानंतरची. टूल मधलीच एक बिल्ड, म्हणजे त्या वेळची तयार आवृत्ती, उतरवून उघडतं. आपण बघून गुड नाहीतर बॅड टाइप करायचं. परत उरलेल्यातली मधली. हजार बिल्ड असल्या तरी दहाएक उत्तरांत नेमका बदल हातात.

पण सांगायचंय ते टूलचं नाही. दादांनी शेवटपर्यंत माऊसला हात लावला नाही. मी चुकीच्या मेनूत शिरलो तरी गप्प. फक्त विचारायचे, "आत्ता काय दिसलं? मग काय दिसायला हवं होतं?" नोंदीत हेच दोन रकाने असतात, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. ते माझ्या तोंडून काढून घेतले त्यांनी. नेट इतकं संथ की बिल्ड उतरेपर्यंत दोनदा चहा झाला, पण उठले नाहीत. आज मी कुणाच्या शेजारी बसलो की हात मांडीखाली ठेवतो अक्षरशः.

कास_रोड
@विश्रामबाग_नाका तुमचे दादा लाख माणूस. कीबोर्ड हिसकावून "सरक, मी दाखवतो" म्हणणारे जास्त भेटतात.

निवृत्त_गुरुजी
मी शाळेत शिकवीत होतो, आता घरी असतो. नातीने या कामात ओढले. मला वाटे, यात आपले काय काम? संगणक मी पगारपत्रकापुरता जाणतो. तिथल्या एका ताईंनी मला विचारले, "सर, हजेरीपटावर काळे आधी येतो की कासार?" मी म्हटले, कासार. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर. त्या म्हणाल्या, मग ही यादी बघा. एका प्रोग्रामने नावे लावली होती त्यात काळे आधी आणि कासार नंतर. कारण युनिकोडच्या, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या, तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलेला आहे आणि त्या प्रोग्रामने तक्त्याचाच क्रम घेतला होता, मराठीचा नाही.

हजेरीपट लिहिण्यात जन्म गेला माझा. ती नोंद मी लिहिली, शब्दकोशातला क्रम दिला, क्ष आणि ज्ञ कुठे येतात तेही दिले. त्या ताईंनी मला टेस्टिंगची व्याख्या सांगितली नाही की पुस्तक दिले नाही. मला जे येत होते तेथून सुरुवात केली. हे मार्गदर्शन मला फार मोलाचे वाटते.

भडंगवाली
गुरुजी 🙏 हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. (अजून स्वयंपाकघरातच आहे.)

छपाईवाला_सांगली
गुरुजींचं वाचून लिहावंसं वाटलं. माझा डीटीपीचा धंदा. पत्रिका, हँडबिलं, वार्षिक अहवाल. जुन्या फॉन्टातून युनिकोडवर आलो तेव्हा लई ताप झाला. 'करणाऱ्या' हा शब्द फाइलमध्ये डोळ्याला दिसतोय, शोधायला गेलं की सापडत नाही. लोकांना सांगितलं तर म्हणायचे स्पेलिंग चुकलं असंल.

एका टेस्टिंगवाल्या ताईंना सांगितलं. त्यांनी दोन्ही 'करणाऱ्या' एका फाइलीत मागवून घेतले. मग फोनवर एकेक अक्षर मोजायला लावलं. एकात खालच्या टिंबाचा ऱ होता, युनिकोडमधला त्याचा क्रमांक यू+०९३१. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागून न दिसणारं झिरो विड्थ जॉइनर. कागदावर दोन्ही डिट्टो. मशीनला दोन वेगळे शब्द. दर्या आणि दऱ्या यातला फरक आपल्याला कळतो, तो छापायचे दोन रस्ते आहेत हे मला तेव्हा कळलं. नोंद माझ्या नावावर टाकायला लावली त्यांनी. म्हणाल्या तुम्हाला सापडलंय, नाव तुमचंच पाहिजे. मोडकं इंग्रजी होतं माझं, त्यांनी फक्त पायऱ्या एकाखाली एक करून दिल्या, बाकी वाक्यं माझीच ठेवली.

कास_रोड
छपाईवाले, लग्नपत्रिकेचा दर काय चाललाय सध्या? बहिणीचं लग्न आहे.

छपाईवाला_सांगली
@कास_रोड कागदावर आहे बघा. मेसेज करा, बघू आपण. साताऱ्यात पोच करतो.

कुपवाड_क्यूसी
मी सॉफ्टवेअरवाला नाही, वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. पण आमच्याकडेही नवा पोरगा आला की आधी त्याच्या हातात व्हर्निअर देऊन ओके झालेले पीस मोजायला बसवतो. चांगलं कसं असतं ते हाताला कळल्याशिवाय वाईट ओळखता येत नाही. माहुलीकाठ ताई दुसऱ्याची नोंद तपासायला देतात ते मला पटलं. वाचतोय, लिहा अजून.

करंजे_पेठ
थोडं वेगळं लिहिते. एका कॉलेजातून, नाव नको, प्रमाणपत्रासाठी एका रात्रीत मुलांनी ढीगभर नोंदी टाकल्या होत्या. "बटण चालत नाही." कुठलं बटण? कुठल्या आवृत्तीत? उत्तर नाही. आमच्या गटातली तपासणारी माणसं वैतागून गेली. मोठ्या प्रमाणावर असं २०२० च्या हॅक्टोबरफेस्टलाही झालं होतं, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावण्याच्या ऑक्टोबरमधल्या ऑनलाइन उपक्रमाला. बक्षिसाच्या टी-शर्टसाठी फालतू बदलांचा पूर आला आणि आयोजकांना नियम बदलून प्रकल्पांची आधी संमती घेणं सक्तीचं करावं लागलं.

माझं म्हणणं, मुलांवर ओरडून उपयोग नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की पलीकडे पगार न घेता बसलेलं माणूस हे वाचतंय. आम्ही त्यातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न पाठवला, "कोणत्या पानावर होता ते सांगाल का, मी शेजारी उघडून बघते." बहुतेक गायब झाले. जे थोडे उरले त्यातला एक मुलगा आता आमच्या गटात इतरांच्या नोंदी तपासतो.

माहुलीकाठ
@करंजे_पेठ हा प्रश्न मी उचलणार. "शेजारी उघडून बघते" यात सगळं आलं.

मिरजेचा_श्रोता
मला दिसत नाही, मी एनव्हीडीए या स्क्रीनरीडरवर (स्क्रीनवरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) काम करतो. ते स्वतःच मुक्त सॉफ्टवेअर आहे, २००६ पासून. सोबतचा ईस्पीक हा आवाज मराठीही वाचतो, ऐकायची सवय करावी लागते.

एका गटात टेस्टिंगला गेलो तेव्हा नव्यांसाठीचं सगळं मार्गदर्शन चित्रांत होतं. "लाल चौकोनात दाखवलेलं बटण दाबा." माझ्या कानाला नुसतं 'ग्राफिक, ग्राफिक' ऐकू यायचं. गट चालवणाऱ्या सरांना कळवलं. त्यांनी सॉरी वगैरे लांबवलं नाही. त्याच रात्री फोन लावला, मी टॅब दाबत गेलो, काय ऐकू येतंय ते बोलत गेलो, ते टाइप करत गेले. शेवटी प्रत्येक पायरीला मेनूचं नाव आणि कीबोर्डची कळ असलेलं पान तयार झालं. मग कळलं की ते डोळस पोरांनाही सोपं जातंय, कारण आवृत्ती बदलली की चित्रं जुनी होतात, मेनूची नावं सहसा राहतात.

तेव्हाच एक बटण सापडलं ज्याला नावच नव्हतं. एनव्हीडीए फक्त "बटण" म्हणून पुढे जायचा. माझी पहिली नोंद ती. सगळ्यांना विनंती, नव्या माणसाला काय अडतंय हे त्यालाच बोलू द्या. अंदाज करू नका.

निवृत्त_गुरुजी
मिरजेचे बंधू, आपले लिहिणे नातीला वाचून दाखवले. ती म्हणते ते पान तिलाही हवे आहे.

विश्रामबाग_नाका
मलाही. मराठीत असेल तर उत्तमच.

मिरजेचा_श्रोता
इंग्रजीत आहे. मराठी करायला माणूस लागेल, मी बोलतो, कुणीतरी टाइप करा.

छपाईवाला_सांगली
टाइप मी करतो. तेच तर काम आपलं.

भडंगवाली
आले एकदाची. सगळं वाचलं. मी दहा वर्षं घरी होते, मुलं मोठी झाल्यावर परत शिरले. मला कुणी मोठं शिकवलं नाही, पण गटातली एक मुलगी, माझ्या मुलीच्या वयाची, रोज दुपारी विचारायची, "काकू, आज काय उघडलं?" काही उघडलं नसलं तरी चालायचं, ती तिचं सांगायची. कामाची चौकशी नव्हती ती, माझी आठवण काढत होती. ती विचारते म्हणून मी उघडायला लागले. आता आमच्याकडे नवी कुणी आली की पहिले काही आठवडे तिला रोज हाक मारायचं काम मी मागून घेतलंय. तपासणीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे असं माझं ठाम मत आहे, कुणी काही म्हणो.

कास_रोड
काकू, तुमच्या आयडीचं कारण सांगा. भडंग विकता की काय?

भडंगवाली
विकत नाही रे, करते. लसूण-कढीपत्ता भरपूर. भेटलास तर डबा देईन.

करंजे_पेठ
मग भेटूयाच! साताराही नको सांगलीही नको, मध्ये कराडला जमू. दोन्हीकडच्यांना सारखंच पडेल. नव्यांनाही आणू, एक दिवस नुसत्या अनकन्फर्म्ड नोंदी तपासत बसू.

माहुलीकाठ
मी तयार. त्या मुलीला विचारलं, ती येतेय, आणखी दोन मैत्रिणी पण. आधी प्रीतिसंगमावर भेटू, पण बसायला जागा चार्जिंगची लागेल. कराडात कुणाची ओळख आहे का?

कुपवाड_क्यूसी
मेव्हणा आहे कराडात, क्लास चालवतो, रविवारी हॉल रिकामा असतो. विचारून सांगतो. मी आलो तर चालेल का? मला सॉफ्टवेअरमधलं काही येत नाही.

मिरजेचा_श्रोता
@कुपवाड_क्यूसी याच. मिरजेहून मला सोबत लागेल, तुम्ही कुपवाडहून निघणार असाल तर मला वाटेत घ्या. गाडीत मी तुम्हाला पहिली नोंद कशी वाचायची ते सांगतो.

कुपवाड_क्यूसी
घेतो की. स्टेशनजवळ थांबा, सकाळी सातला येतो. लॅपटॉप पोरीचा आणतो, त्यात काय काय टाकून ठेवू?

माहुलीकाठ
लिबरऑफिसची सध्याची आवृत्ती घरूनच उतरवून आणा, तिथल्या नेटचा भरवसा नाही. आणि बगझिलावर, म्हणजे नोंदी जिथे टाकतात त्या साइटवर, खातं उघडून ठेवा, त्याला ईमेल लागतो. अडलं तर आज रात्री फोन करा, दहापर्यंत जागी आहे.