बॉल पायथनसाठी सुटी करता येणारी पेटी: मिनीफिक्स की बोल्ट?

अकरामहिनेवाला:
प्रौढ बॉल पायथनसाठी (पाळीव आफ्रिकन अजगर) ४ × २ × २ फुटांची प्लायची पेटी करायची आहे. घर भाड्याचं, करार ११ महिन्यांचा, आणि चाळीच्या जिन्यावरून अख्खी पेटी उतरणार नाही. सुतार म्हणतोय १२ एमएम प्लायला मिनीफिक्स (फिरवून आवळायचा फर्निचरचा जोड) लावू. दरवर्षी खोलून-जोडून टिकेल का? पुढे सरकत्या काचा हव्यात.

रंधा:
१२ एमएमला मिनीफिक्स नको. त्याच्या नेहमीच्या कॅमसाठी (फिरणाऱ्या गोल भागासाठी) साडेबारा-तेरा एमएम खोल भोक लागतं, म्हणजे प्लाय आरपार. आणि साधे स्क्रू दोन-तीनदा काढले की लाकडातले आटे गेलेच. जो सांधा सुटा व्हायचा आहे, तिथे बोल्ट धातूच्या आट्यातच बसला पाहिजे. बाकी सगळं खुशाल कायमचं ठोका.

आयएस ७१० मरीन (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचा ८ × ४ फुटांचा एकच शीट पुरतो. आडवे तीन काप दिले की १२२० × ६०७ एमएमचे चार तुकडे पडतात (करवतीची जाडी धरून). तीन तुकडे तळ, छत आणि पाठ. चौथ्यातून दोन बाजू, उंची ६०७, पण खोली ५९५, कारण पाठीचे १२ एमएम त्यांच्या मागे येतात. हे सुताराला लिहून द्या, नाहीतर बाजू पुढे डोकावतात. पुढच्या पट्ट्यांना (खाली ७५ एमएम, वर ५०, लांबी ११९४) शीटमध्ये काही उरत नाही, वेगळा तुकडा घ्या. त्या तळाला आणि छताला गोंद लावून कायमच्या बसवा.

आतल्या कोपऱ्यांत २५ × २५ × ३ चा अॅल्युमिनियम अँगल. एक बाजू १२ एमएमच्या स्क्रूने कायमची, दुसरीला एम६ × १६ चे (६ एमएम जाड, १६ लांब) गोल डोक्याचे अॅलन बोल्ट आणि प्लायच्या बाहेरच्या अंगाने टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा दातेरी नट). लांब कडांना ४-४, आखूड सहा कडांना ३-३, असे २६. टी-नट आतून ठोकलात तर बोल्ट आवळताना तो उपटून येतो. वरून लॅमिनेटही चिकटवू नका, उद्या नट फिरायला लागला तर हात पोहोचणार नाही. बोल्ट ३०४ स्टीलचेच. खाऱ्या हवेत जस्ताचा मुलामा टिकत नाही. मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात सुटे मिळतात.

जड तुकडा सहा-सात किलोचा. एक माणूस जिना उतरवतो.

कातटाकी:
प्लाय फुगतो तो कडांनी. अँगलची भोकं पाडून झाल्यावर, जोडणीच्या आधी, कडांना आणि भोकांच्या आतून पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात द्या. मग वास पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन आठवडे, जनावर आत नको. सुतार सवयीने वाळवीचं औषध मारतात, ते आधीच बजावून बंद करा. आणि सांध्यात सिलिकॉन भरलंत तर सुटी पेटी विसरा! त्याऐवजी तळात काढता येणारा ट्रे.

पावसाळ्यात मुंबईत ओलावा कमी पडत नाही, बुरशी येते. जाळी एका बाजूला खाली, दुसरीकडे वर. तीही बाहेरून लावा, नाहीतर साप नाक घासून सोलून घेतो.

रंधा:
काचा ५ एमएम टफन्ड. त्या नंतर कापता किंवा घासता येत नाहीत, म्हणून पेटी उभी करून, ट्रॅक बसवून मगच उंची मोजा. वरचा ट्रॅक खोल, खालचा उथळ. तरच काच वर ढकलून बाहेर निघते. रुंदी प्रत्येकी ६१८, म्हणजे मधे ४० एमएम एकावर एक. दोन काचांमधल्या फटीत खिडकीवाल्यांकडची वूल पाइल (केसाळ) पट्टी, शिवाय शोकेसचं कुलूप.

सातबारा:
पेटीआधी कागद. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर बॉल पायथन साइट्स (वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतला म्हणून केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावा लागतो. देशी अजगर मात्र त्याच १९७२ च्या कायद्याने पाळताच येत नाही.

अकरामहिनेवाला:
हीटरच्या वायरला भोक कुठे? प्लग निघण्याइतकं पाडलं तर साप निघेल.

कातटाकी:
भोक नकोच. पाठीच्या वरच्या कडेला वायरच्या जाडीची उघडी खाच करा. छत उचललं की वायर प्लगसकट सुटते. थर्मोस्टॅटची तार त्याच खाचेतून, उरलेल्या जागेत रबराचा तुकडा. हीटरला जाळीचा पिंजरा हवाच. उबदार टोकाला ३१-३२ अंश पुरेत. मे महिन्यात हीटर बहुतेक बंदच राहील, तेव्हा काळजी थंड टोकाची घ्या.