भाकर गेली कुठी? आळसानं की हिशेबानं?

पांदणरस्ता
पोळ्याला गावी गेलो होतो, यवतमाळच्या दारव्हा तालुक्यात. चार दिवसांत सात घरी जेवलो, एकाही ताटात ज्वारीची भाकर नाही. पोळी, नाहीतर भात. आजीच्या काळी कण्या, आंबील, अंबाडीची भाजी, वर जवसाची चटणी असायची. आता अंगणात पाच रुपयांच्या खाऊच्या पुड्यांचा कचरा उडतोय.

सरळ बोलतो, राग येईल. परिस्थितीला दोष देणं पुरे झालं. ज्वारी ह्याच मातीत येते, तरोट्याची रानभाजी पावसाळ्यात फुकट उगवते. आळस आलाय, आणि भाकर खायची लाज वाटते. इकडे पुण्यात तीच भाकर लोक हॉटेलात पैसे मोजून खातात.

कपाशीवाला
भौ, खायची गोठ मंग करू, पेरायची सांगा. माह्याजवळ चार एकर. सोयाबीन शंभर-एक दिवसात निघते, दिवाळीच्या तोंडावर हातात पैसा. जवारीले डुकरं हायेत, रोही (नीलगाय) हाय, वरून पाखरं. सगळ्यायनं पेरली तर नुकसान वाटून जाते. एकट्यानं पेरली तर अख्ख्या शिवाराचे पाखरं माह्याच वावरात जेवाले! परतीचा पाऊस आला का दाणा काळा पडते, व्यापारी हात लावत नाई. पयले कडब्यासाठी तरी पेरत होतो. बैलजोडी इकली, आता कडबा कोणाले टाकू, ट्रॅक्टरले?

२०२४-२५ चा क्विंटलचा हमीभाव पाहा. सोयाबीन ४,८९२, संकरित जवारी ३,३७१. त्या साली बाजारात सोयाबीनले तेवढा भेटला नाई हे मले मालूम हाय. तरी पेरतो. कारण बी, खत, फवारा, घेणारा व्यापारी, सारं त्याच्याच भोवती हाय.

रोखठोक
मी धागाकर्त्याच्या बाजूनं. आमच्या गावात दिवसाला तंबाखू-सुपारीचे चार-चार खर्रे खाणारे आहेत. त्याला पैसा आहे, मग पोरांच्या ताटात वरण पातळ का? गरिबी खरी आहे, पण सगळंच गरिबीच्या खात्यात टाकू नका.

कपाशीवाला
खर्रा भूक मारते म्हून खाते मजूर. उन्हात बैलामागं डवरा धरून पाहा येक दिवस, मंग बोला.

रोखठोक
पारावर बसून खाणाऱ्यांचं काय मग? ते कुठला डवरा धरतात?

चुलीपुढची
पांदणरस्ता दादा, एक विचारू? पोळ्याच्या सणाला, बाहेरगावून आलेल्या पाहुण्याला भाकर वाढली असती तर तुमच्या आईनंच त्या घराला नाव ठेवलं असतं. तुम्ही सात घरी पाहुणे म्हणून जेवलात. त्या घरात एरवी काय शिजतं ते तुम्हाला दिसलंच नाही.

आता आळसाचं. निंदणाच्या दिवसांत मी पहाटे उठून डबे करते. पोळी सकाळी केली तर दुपारी वावरात खाता येते. भाकर गार झाली की कडक. पीठ जुनं झालं तर थापताना तुटते, म्हणून आठवड्याला दळण. उकळतं पाणी, एकेक थापायची, पाण्याचा हात फिरवायचा, चुलीपुढे बसून. पाच माणसांच्या दहा भाकरी. ज्यांना भाकरीची आठवण येते त्यांतल्या किती जणांनी ती थापली आहे? माझ्या सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, पोळी आली, सुटले बाई.

तरोटाही फुकट नाही. कोवळा पाला खुडायचा, निवडायचा, त्याला अर्धी सकाळ जाते. त्याच सकाळी मला मजुरी मिळते. आणि तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरचा (बांधावरचा) पाला मी पोरांना घालणार नाही.

निवृत्त_मास्तर
लाज कुठून आली ते सांगतो. माझे वडील सालगडी होते. सालाच्या ठरावात पैशासोबत ज्वारी असायची, पाडव्याला करार व्हायचा. मालकाच्या घरी गहू, आमच्या घरी ज्वारी, तीही बहुतेकदा काळी पडलेली. गव्हाची पोळी फक्त सणाला. ज्यांनी ती ज्वारी खाल्ली त्यांच्या पोरांनी पोळीला मान समजलं तर त्यात नवल काय? शहरातल्या हॉटेलात भाकर खाणाऱ्याच्या मागे ती आठवण नसते.

दुसरं, रेशन. २०१३ च्या कायद्यानं माणशी महिन्याला ५ किलो धान्य आलं. तांदूळ ३, गहू २, भरड धान्य १ रुपया. २०२३ पासून तर फुकटच. पण एक रुपयाची ज्वारी आमच्या दुकानात मी कधी पाहिली नाही. गहू-तांदूळ घरात येऊन पडतो, तोच शिजतो. ज्वारी विकत घ्यावी तर गव्हाहून महाग. राज्यातल्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी महिन्याला दीडशे रुपये द्यायचं ठरलं. दीडशेत ज्वारी किती येते, तुम्हीच मोजा.

वैनगंगाकाठ
विदर्भ म्हणजे फक्त वऱ्हाड नाही हो. भंडारा-गोंदियाकडे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भातच खातो, कोणी हरवलेल्या भाकरीसाठी रडत नाही. आमच्याकडे गेली ती लाखोळी, म्हणजे लाख नावाची डाळ. धान निघाला की बांधीतल्या (धानाच्या वावरातल्या) ओलीवर बी शिंपायचं, खर्च शून्य. लाखोळी खाऊन पाय लुळे पडतात म्हणून १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच एक खाणाऱ्यांना तो धोका होता, हे खरं. पण माझ्या लहानपणी बंदी कागदावर आणि लाखोळीचं वरण ताटात! तेव्हा आजी-आजी करण्याआधी आजीच्या ताटात कधीकधी दुसरं काही नसायचं, तेही लिहा.

पांदणरस्ता
चुलीपुढची ताई, पाहुण्याचा मुद्दा लागला. खरंच आईनं नाव ठेवलं असतं. आळस हा शब्द मागे घेतो, निदान बायांच्या बाबतीत. पण पुड्यांवर मी ठाम आहे. तिथे ना रेशन आडवं येतं, ना डुक्कर.

चुलीपुढची
पुड्याचं तुमचं बरोबर आहे. मीसुद्धा देते. वावरातून आल्यावर पोरगं रडत असतं, चूल पेटायला वेळ असतो, आणि दुकान दारासमोर. चांगलं नाही हे कळतं. घरी शेंगदाणे-गूळ ठेवला तर आधी घरचे मोठेच संपवतात.

रोखठोक
हा हा, हे मात्र आमच्याही घरी.

पांदणरस्ता
कपाशीवाला भाऊ, विकायला नको, घरच्यापुरती तरी चार तासं (ओळी) ज्वारी घाला की धुऱ्याकडेनं. मी बियाण्याचे पैसे देतो.

कपाशीवाला
पैशाचं राहू द्या. धुऱ्याकडूनच तं येते ना भौ डुकरं.