बोट प्रेसखाली गेले, केसपेपरवर मात्र कडबाकुट्टी

टाइमऑफिस:
कुपवाड एमआयडीसीतील एका प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या, टाइम ऑफिसात मी काही वर्षे हजेरी, पगारपत्रके आणि ईएसआयचे (कामगार राज्य विमा योजनेचे) काम पाहिले. त्या काळातील एक प्रकरण येथे मांडतो, कारण आमच्या भागात त्याला आजही ‘मालकांचा मोठेपणा’ म्हणतात आणि मला ते नाव मान्य नाही.

जून २०२४ मध्ये सत्तावीस वर्षांच्या एका ऑपरेटरच्या उजव्या तर्जनीची दोन पेरे पॉवर प्रेसखाली गेली. मालकांनी स्वतःच्या गाडीतून त्याला मिरजेच्या खासगी रुग्णालयात नेले, सगळे बिल भरले, दोन महिने पूर्ण पगार चालू ठेवला आणि शेवटी पन्नास हजार रुपये रोख दिले. त्या बदल्यात ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून घेतले. अपघात नोंदवहीत काही चढले नाही, ईएसआयला अपघात कळवायचा फॉर्म १२ गेला नाही आणि रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘घरी कडबाकुट्टीत बोट सापडले’ अशी नोंद झाली.

आता हिशेब पाहा. त्याचा पगार १५,६०० रुपये, म्हणजे सव्वीस दिवसांच्या महिन्यात रोजचे ६०० रुपये. त्यावर मालकांचे सव्वातीन टक्के, ५०७ रुपये, आणि त्याचे स्वतःचे पाऊण टक्का, ११७ रुपये, दरमहा ईएसआयला जातच होते. कायमच्या अपंगत्वाचा पूर्ण दर रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के, म्हणजे ५४० रुपये. कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीची दोन पेरे गेल्यास कमाईची क्षमता ११ टक्के घटली असे धरले आहे. म्हणजे त्याला रोजचे ५९ रुपये ४० पैसे, तीस दिवसांच्या महिन्याला १,७८२ रुपये, नोकरी राहो वा जावो, हयातभर मिळाले असते. पन्नास हजार रुपये या दराने अठ्ठावीस महिन्यांत संपतात आणि माणूस सत्तावीस वर्षांचा आहे.

गेल्या वर्षी कारखाना दुसऱ्याकडे गेला. नव्या व्यवस्थापनाच्या दृष्टीने तो हात अधू असलेला, पण कधीच अपघात न झालेला माणूस आहे. जखमी कामगाराला रोख देऊन प्रकरण मिटवणे हा मोठेपणा नसून त्याच्या हक्काच्या पैशावर पाणी सोडायला लावणे आहे, असे माझे म्हणणे आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी कारणांसह लिहावे.

चौदाकामगार:
मी मिरज एमआयडीसीत चौदा माणसांचा छोटा कारखाना चालवतो आणि मला ते पटत नाही. आपण पेन्शनचा हिशेब मांडलात, पण ज्या रात्री माणसाचा हात रक्ताने माखलेला असतो त्या रात्रीचा हिशेब मांडला नाहीत. त्या वेळी कामगाराची बायको मला फॉर्म १२ विचारत नाही, ‘दादा, चांगल्या डॉक्टरकडे न्या’ एवढेच म्हणते. मिरजेत हाताच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर हाकेच्या अंतरावर असताना मी आधी ईएसआयचा दवाखाना, तिथली चिठ्ठी आणि मग संलग्न रुग्णालय या फेऱ्यात त्याला घालायचे काय?

दुसरे, अपघात कळवला की फॅक्टरी इन्स्पेक्टर येतात आणि प्रेसला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारे आवरण, का नव्हते म्हणून विचारतात. गार्ड होता हो. नग जास्त निघावेत म्हणून कामगारच तो काढून ठेवतात आणि दोन्ही हातांनी एकदम दाबायच्या बटणांपैकी एकाला लाकडी पाचर मारतात. हे प्रत्येक प्रेस शॉपमधल्या माणसाला माहीत आहे.

आणि ईएसआयच्या आजारपणाच्या रजेविषयी तर बोलूच नये. द्राक्षबागेची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी आली की तासगाव, कवठेमहांकाळकडच्या माझ्या कामगारांच्या कमरा एकदम दुखू लागतात. मार्चअखेरच्या डिस्पॅचला माणूस नाही, आणि त्याचे सर्टिफिकेट मात्र वेळेवर येते. अशा व्यवस्थेवर मी विश्वास ठेवावा आणि माझ्या माणसाला माझ्या हाताने दिलेले पैसे मात्र पाप ठरावे, हे उलटेच आहे.

साताऱ्याची_पर्सनल:
मी साताऱ्यातील एका मध्यम कारखान्यात कर्मचारी विभाग पाहते. चौदाकामगार यांनी दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली आहे, ती आधी सोडवते.

आजारपणाचा लाभ आणि कामावरच्या दुखापतीचा लाभ यांचे नियम निराळे आहेत. आजारपणासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, मग वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस पैसे मिळतात आणि ते ईएसआयचे महामंडळ देते, मालक नव्हे. त्यामुळे छाटणीच्या सर्टिफिकेटने आपले उत्पादन अडत असेल, पण पैसे आपल्या खिशातून जात नाहीत. शंका असेल तर त्या माणसाची पुन्हा वैद्यकीय तपासणी व्हावी असे महामंडळाला लेखी कळवता येते. मी तसे कळवले आहे, आणि एकदा माणूस खरोखर आजारी निघाला. मणक्याची गादी सरकली होती. त्यानंतर मी शंका घेण्यापूर्वी थोडी थांबते.

कामावरच्या दुखापतीला मात्र ७८ दिवसांची अट नाही. पहिल्याच दिवशी रुजू झालेल्या माणसाचा हात गेला तरी तात्पुरत्या अपंगत्वाचे ९० टक्के वेतन, बरा होईपर्यंत, सुरू होते. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस तो कामाला अपात्र असायला हवा, एवढेच. मिरजेच्या डॉक्टरांविषयीही तेच. जीव धोक्यात असताना जवळच्या रुग्णालयात न्यावेच, कोणी अडवलेले नाही, आणि तातडीच्या उपचारांचा खर्च नंतर मागताही येतो. फक्त दवाखान्याच्या वाटेवरून किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी अपघात कळवावा लागतो. गंभीर दुखापतीत तो ताबडतोब कळवावा असा नियमच आहे. आपण रोखीने जे करता त्यात नेमकी हीच एक पायरी गाळलेली असते.

चौदाकामगार:
बाईंचे म्हणणे कागदावर बरोबर आहे. पण लाभ चालू असताना त्या माणसाला कामावरून काढता येत नाही, हे नोव्हेंबर २०२५पर्यंतच्या ईएसआय कायद्याचे कलम ७३ तुम्हीच मला सांगाल. चौदातला एक जरी तीन महिने गेला तर त्या जागी मी कोणाला घ्यायचे आणि तो परत आल्यावर दुसऱ्याला काय सांगायचे? तुमच्याकडे माणसांचे विभाग असतात, माझ्याकडे एका मशीनला एकच माणूस असतो. आणि गार्डच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही.

साताऱ्याची_पर्सनल:
कलम ७३ची अडचण लहान कारखान्याला जास्त जाचते, हे मी मान्य करते. बदली माणूस घेताना ठरावीक मुदतीचे पत्र द्यावे, याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

गार्डचे उत्तर असे की ईएसआयमध्ये दोष कोणाचा हा प्रश्न फारसा येतच नाही. मालकाच्या धंद्याचे काम करताना कामगाराने नियम मोडला असला तरी त्याची दुखापत कामावरचीच धरली जाते, असे त्याच कायद्याचे कलम ५१ब सांगत असे. इन्स्पेक्टर विचारतील, ते विचारणारच, आणि पाचर मारलेली आपल्याला दिसत होती की नाही हेही विचारतील. माझ्या मते आपली खरी भीती हीच आहे, आणि त्या भीतीची किंमत कामगाराच्या पेन्शनमधून वसूल व्हावी हे मला पटत नाही.

सुपरवायझर_पलूस:
एकवीस हजारांच्या वरच्यांचाही थोडा विचार व्हावा. ईएसआयची पगारमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपयांवर थांबली आहे. दोन वर्षांपूर्वी माझा पगार २२,५०० झाला आणि चालू वर्गणी काळ संपताच मी योजनेतून बाहेर पडलो. पगारवाढीचे पेढे वाटले, आणि पुढच्याच महिन्यात वडिलांच्या मोतीबिंदूचे बिल स्वतः भरले.

आता माझा हात गेला तर ईएसआय नव्हे, भरपाई कायदा. नोव्हेंबर २०२५पर्यंत तो १९२३चा होता, नंतर त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली; हा हिशेब १९२३च्या कायद्याचा. त्यात महिन्याचा पगार कितीही जास्त असला तरी हिशेबासाठी १५,००० रुपयेच धरत. वय चाळीस असल्यास गुणक १८४.१७. पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या साठ टक्क्यांना या गुणकाने गुणून १६,५७,५३० रुपये होत. तर्जनीच्या दोन पेरांचे त्याच्या ११ टक्के, म्हणजे सुमारे १,८२,३०० रुपये, शिवाय उपचारांचा खर्च. हे पैसे मालकाने स्वतः द्यायचे असतात. त्यामुळे चौदाकामगार साहेबांना विचारतो, आपल्या फोरमनसाठी डब्ल्यूसी पॉलिसी (कामगार भरपाईचा विमा) घेतली आहे का? नसेल तर पन्नास हजारांत मिटवण्याची सवय एक दिवस आपल्यालाच महागात पडेल, कारण एक महिन्यात भरपाई दिली नाही तर व्याज आणि निम्म्यापर्यंत दंड लागतो. ‘तक्रार नाही’ हा कागद तिथे चालत नाही. हक्क सोडून देणारा करार १९२३च्या कायद्याच्या कलम १७ने रद्दबातल ठरत असे.

चौदाकामगार:
फोरमनची पॉलिसी नाही. उद्या एजंटला बोलावतो. बाकी मतभेद कायम आहेत.

कऱ्हाडकर:
मी साखर कारखान्यात ठेकेदाराची माणसे पुरवतो. ‘ती माणसे ठेकेदाराची आहेत’ असे म्हणून मूळ मालक सुटतो, हा समज काढून टाकावा. १९२३च्या कायद्याचे कलम १२ त्याच्यापर्यंत पोचत असे, आणि ईएसआयची वर्गणीही पहिल्यांदा त्यालाच भरावी लागते, मग ती ठेकेदाराकडून वसूल करावी. शिवाय अपघात गेटच्या आतच झाला पाहिजे असेही आता राहिलेले नाही. धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला जाताना कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात मरण पावला. त्याच्या घरच्यांना भरपाई द्यायची असे सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी सांगितले. बावीस वर्षे लागली. विमा कंपनीचे म्हणणे रस्त्यावरचा मृत्यू हा कामावरचा नव्हे, असे होते.

मिरजेतील_डॉक्टर:
एक शंका विचारतो. केसपेपरवर दुखापतीचे कारण आम्ही रुग्ण किंवा त्याच्यासोबत आलेला माणूस सांगेल तेच लिहितो. यंत्राखाली चिरडलेले आणि कडबाकुट्टीने कापलेले बोट अनुभवी डॉक्टरला वेगळे दिसते, पण रात्री दोन वाजता आम्ही उलटतपासणी करत बसत नाही. ऑपरेटर वेदनेने अर्धा शुद्धीत असणार. मग कडबाकुट्टी कोणी सांगितली?

टाइमऑफिस:
मी सांगितली.

मालक बिलाच्या खिडकीपाशी होते. काउंटरवरच्या सिस्टरने ‘कसे झाले?’ विचारले तेव्हा त्याच्या शेजारी मी उभा होतो. त्याच्या गावी दोन म्हशी आहेत आणि घरी कडबाकुट्टी आहे हे मला माहीत होते, म्हणून ते तोंडातून सहज निघाले. मला कोणी सांगितले नव्हते. ‘तक्रार नाही’ हा कागदही माझ्याच अक्षरात आहे, त्याने फक्त डाव्या हाताने सही केली. त्यामुळे वर मी मालकांविषयी जे लिहिले त्यातला बराच भाग माझ्याविषयी समजावा.

चौदाकामगार यांच्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत आहे. त्या रात्री मालकांनी जे केले त्यात धावपळीचा भाग खरा होता आणि गाडीच्या सीटवरचे रक्त त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः पुसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अपघात नोंदवही माझ्याच टेबलावर होती आणि मी ती उघडली नाही.

दाव्याविषयी वकिलांना विचारले. लाभ देय झाल्यापासून बारा महिन्यांत मागायला हवा होता, ती मुदत गेली आहे. पण उशिराचे कारण वाजवी वाटल्यास कामगार विमा न्यायालय मुदत वाढवून देऊ शकते. त्यासाठी तो त्या तारखेला पाळीवर होता याची हजेरी, बोट सापडले त्या क्षणी शेजारच्या मशीनवर असलेला माणूस आणि केसपेपरवरची नोंद खोटी आहे असे शपथेवर सांगणारा कोणीतरी लागेल. हजेरीपत्रकाची प्रत माझ्याकडे निघाली. शेजारचा ऑपरेटर आता शिरवळला असतो, तो येतो म्हणाला आहे. शपथपत्र मी सोमवारी करतो आहे.