मदत हवी आहे : थंडीत पिवळं पडलेलं लॉन

नमस्कार मंडळी. नाशिकला अंगणात साधारण 300 चौरस फूट मेक्सिकन लॉन आहे. डिसेंबरपासून वाढ थांबलीय, रंग पिवळट झालाय. खाली वाळक्या गवताची बोटभर गादी साचलीय, पाणी मुरतच नाही, वरच्यावर वाहून जातं. फेब्रुवारीत ऊन तापलं की चांगली फूट यावी म्हणून दाताळ्याने खरवडून, भोकं पाडून वाळू-गांडूळखताचा पातळ थर द्यायचा विचार आहे. आत्ताच करू, की थंडी ओसरू देऊ? मागच्या वर्षी अर्धकच्चं शेणखत टाकलं आणि गवतापेक्षा तणच जोमात आलं! लव्हाळा तर उपटावा तितका फुटतो, गाठ खाली राहतेच. त्यावर काही उपाय? माळीकाकांचं एकच उत्तर: ‘काढून नवीन लावा.’ तेवढं सोडून सांगा.