गच्चीवर बार्बेक्यू: कोळसा, गॅस की वीज?

घोडबंदरची_माई (धागाकर्ती)
थर्टीफर्स्टला आमच्या कोलशेतच्या सोसायटीच्या गच्चीवर सोळा माणसं जमणार आहोत, त्यातली चार शाकाहारी. कमिटीची अट एकच, फरशी काळी होता कामा नये. बार्बेक्यू कोळशाचं घ्यावं, गॅसचं की विजेचं? माझं मन गॅसकडे झुकतंय. मागच्या वर्षी नवऱ्याने कोळसा पेटवायला सव्वा तास लावला, तोवर पोरं मॅगी खाऊन झोपली.

कळव्याचा_कोळसेवाला
गॅसवरच भाजायचं तर गच्चीवर कशाला चढताय? स्वयंपाकघरात तवा आहेच की!
सव्वा तास लागला तो कोळसा दमट होता म्हणून. लोणारी कोळसा घ्या आणि घेताना दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, फुसका वाजला तर पिशवी परत. दगडी कोळसा चुकूनही नको, त्याच्या गंधकाचा वास कोंबडीला लागतो. रॉकेलही नको. डालड्याच्या डब्याला तळाशी भोकं पाडा, डबा दोन विटांवर ठेवा, वर कोळसा भरा, खाली कागद पेटवा. वीस-पंचवीस मिनिटांत निखाऱ्यांवर राखाडी साय धरते. मग सगळे निखारे एका बाजूला लोटायचे. तंगडीला आधी निखाऱ्यांवर रंग आणायचा, मग रिकाम्या बाजूला सरकवून वर झाकण. बाहेर काळी आणि हाडाशी कच्ची, हा प्रकार होतो तो सगळीकडे सारखे निखारे पसरल्यामुळे.

सीवूड्सची_सुगरण
डब्याची युक्ती झकास. पण ‘कोळशाची चव’ हे निम्मं कौतुकच आहे हो. नीट फुललेल्या निखाऱ्याला धूर असतोच किती? आपण ज्या वासावर भाळतो तो चरबी आणि मॅरिनेशनचं तेल तापलेल्या जागी टपकून जळतं त्याचा. गॅसच्या ग्रिलमध्ये बर्नरवर पत्रे असतात, थेंब तिथेही पडतो आणि धूर तिथेही उठतो. वर आच हवी तशी कमी-जास्त करता येते. सोळा माणसं म्हणजे चार-पाच घाणे. तिसऱ्या घाण्याला निखारे बसले की कोळसेवाले पुठ्ठ्याने वारा घालत बसतात आणि राख पनीरवर उडते.

कळव्याचा_कोळसेवाला
थेंबाचं मान्य. पण गॅस जळताना पाण्याची वाफही बरीच निघते. पापलेटची कातडी दोन्हींवर भाजून बघा, मग बोलू. आणि पुठ्ठ्याने वारा घालणं हाच तर कार्यक्रम असतो. पुरुषमंडळी एरवी कधी स्वयंपाकाला हात लावतात?

सीवूड्सची_सुगरण
हा मुद्दा मात्र बिनतोड :)
माई, ओले बोंबील जाळीवर टाकू नका. मी टाकले होते. अर्धे जाळीला चिकटले, उरलेले खाली गळाले.

ऐरोलीचा_जावई
गॅसवाल्यांना एक अनुभव. मेव्हण्याने अमेरिकेहून सामानातून ग्रिल आणलं. तिथला रेग्युलेटर आट्यांनी बसतो, आपल्या सिलिंडरच्या तोंडाला लागतच नाही. शिवाय ते होतं निव्वळ प्रोपेनसाठी, आपल्या एलपीजीत ब्यूटेनही असतो. एक मेकॅनिक ‘बसवून देतो’ म्हणाला, त्याला हात जोडले. आता त्यात कढीपत्ता लावलाय. घ्यायचंच तर इथल्या सिलिंडरसाठी बनवलेलं घ्या.

खारघर_तेरावा_मजला
विजेच्या बाजूने कुणीच नाही? मग मी. धूर कमी, राख नाही, शेजारीण खूश. फक्त माझं ग्रिल १८०० वॅटचं आणि बाल्कनीत प्लग साधा ६ अँपिअरचा. एक्स्टेंशनची वायर मऊ झाली तेव्हा अक्कल आली, मग गीझरसारखा १६ अँपिअरचा पॉइंट काढून घेतला. माई, गच्चीवर तसा पॉइंट नसेल तर वीज विसरा.
आणि कोळसावाल्यांनो, शेवटी थंडी वाजली म्हणून शेगडी खोलीत ओढू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

नौपाड्यातला_नाना
एवढा खल कशाला? येऊरला जाऊन पेटवा की.

घोडबंदरची_माई
नाना, येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे आग पेटवून नवीन वर्ष कोठडीत काढायचं का?

उलवेकर_आगरी
तुमचं चालू द्या. आमच्याकडे थंडीत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाल्याची कोंबडी. वर मीठ आणि ओवा. पाणी मात्र एक थेंबही नाही. तोंडाला पाला कोंबून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र होऊन लगेच सुकलं की काढायचं. जाळी नाही, रेग्युलेटर नाही.

सीवूड्सची_सुगरण
यावर वाद नाही. पण हे कोलशेतच्या गच्चीवर केलं तर कमिटी माईंनाच उलटं ठेवेल.

घोडबंदरची_माई
ठरलं. शाकाहारी मंडळींना छोटं गॅसचं ग्रिल, म्हणजे जाळीवरून भांडणही नको. पापलेट आणि तंगड्यांना दिराकडची लोखंडी शेगडी, विटांवर, खाली पत्रा टाकून. उलवेकर, शेंगा भरल्या की निरोप द्या, आम्ही येतो.
नवरा दोन दिवस डालड्याचा डबा शोधतोय. हल्ली सगळीकडे प्लास्टिकचेच दिसतात. रंगाचा रिकामा डबा चालेल का?

कळव्याचा_कोळसेवाला
रंगाचा अजिबात नको! वाण्याकडे तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा मागा आणि वरचा पत्रा कापून घ्या. आधी एकदा रिकामाच जाळा.